मदत हवी आहे : रांगतं बाळ आणि साबणाचं काम

ताईंनो, मी सांगलीत विश्रामबागला राहते. घरीच राजापुरी हळदीचं उटणं आणि खोबरेल तेलाचे साबण करते. लेक आठ महिन्यांची झालीय, रांगत सगळीकडे पोचते, आणि मला साबणासाठी लागणाऱ्या, कातडी भाजणाऱ्या कॉस्टिक सोड्याची धास्ती वाटते. पाण्यात घातला की पातेलं चटका बसेल इतकं तापतं, वाफ घशाला झोंबते. म्हणून ती सासूबाईंजवळ झोपली की रात्री गच्चीवर करते. परवा ऐनवेळी ती रडत उठली. मी खाली धावले, तोवर मिश्रण पातेल्यातच घट्ट झालं! वड्या 4 ते 6 आठवडे वाळवायच्या, त्या कुठे ठेवू? लहान बाळ असणाऱ्या कुणी हे कसं जमवलं? आणि घरच्या जागेत अन्न व औषध प्रशासनाचा परवाना कुणाला मिळालाय का? कृपया सविस्तर सांगा.