मदत हवी आहे : माइकोची ओबी (किमोनोवरचा कमरपट्टा) नाचताना घसरते

नोव्हेंबरमधल्या क्योतोत, गिओन या गेइशांच्या वस्तीत घडणारी एकांकिका करतोय. मुख्य पात्र पहिल्या वर्षातली माइको, म्हणजे शिकाऊ गेइशा. कपडे आम्हीच शिवतोय. भाड्याच्या दुकानात मिळतो तो झगझगीत 'जपानी ड्रेस' नको आहे, प्लीज तो सुचवू नका.

ठरलेलं असं : लाल कॉलर, खांद्यावर आणि बाह्यांवर चुण्या, जमिनीवर लोळणारा किमोनो (डावी बाजू वर, उजवी कधीच नाही, ती मृतांना नेसवतात), फक्त खालच्या ओठाला रंग, केसांत मेपलची पानं. केशरचना वारेशिनोबु, माइको स्वतःचेच केस बांधते, पण इथे विगला इलाज नाही. प्रसंग घरातला, त्यामुळे उंच ओकोबो (लाकडी पादत्राणं) नाहीत, पांढरे ताबी (अंगठा वेगळा असलेले मोजे) पुरेत.

अडलंय ते दारारी ओबीपाशी. पाच मीटरहून लांब, दोन्ही टोकं मागे घोट्यापर्यंत लोंबणारी. तिकडे ती बांधायला ओतोकोशी नावाचे पुरुष असतात, त्यांचा जोर आमच्यात कुणाकडे नाही. जाड ब्रोकेडला आतून बकरम लावून पाहिलं. उभं राहिलं की छान दिसतं, पण नाचात गिरकी घेतली की गाठ खाली सरकते आणि टोकं एकमेकांत गुंततात. सेफ्टी पिना मागून स्पष्ट दिसतात.

मधे कपडे बदलायला वेळ आहे, तेव्हा घाई नाही. नऊवारीत नाचणाऱ्यांनीही सांगा. कमरेचा पट्टा आणि मागची गाठ वेगवेगळी शिवून हुकांनी जोडली तर वजन पेलेल का, की आतून खांद्यावरून पट्टे घ्यावे लागतील?