कॉन्डॉर वाचला, ऊ गेली

"प्रजाती नामशेष होणं हा निसर्गनियमच, मग एवढा आटापिटा कशाला?" हा मुद्दा अर्धा बरोबर आहे. पृथ्वीवर होऊन गेलेल्या ९९ टक्क्यांहून अधिक प्रजाती आज नाहीत. प्रश्न वेगाचा आहे. अब्जावधींनी उडणारे पॅसेंजर पिजन (उत्तर अमेरिकेतली रानकबुतरं) काही दशकांत संपले. शेवटची मादी मार्था १९१४ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली.

मला यात सांगायचं आहे ते जरा वेगळंच. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया कॉन्डॉर हे अमेरिकेतले गिधाडासारखे मोठे पक्षी अवघे २७ उरले, तेव्हा रानातला शेवटचा पक्षीही पकडून सगळ्यांचं प्रजनन बंदिवासात करायचं ठरलं. आज ते काहीशे आहेत, म्हणजे कष्ट फळाला आले. पण पकडलेल्या पक्ष्यांच्या उवा औषधाने मारल्या गेल्या. त्यातली एक जात फक्त कॉन्डॉरच्याच अंगावर जगायची. ती नामशेष झाली असंच आता मानतात. संवर्धनाच्याच हातून! (उवेसाठी कोण रडणार म्हणा.) पिग्मी हॉग या चिमुकल्या रानडुकराच्या उवेला मात्र आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या प्रजातींची नोंद ठेवणाऱ्या लाल यादीत जागा मिळाली आहे. एवढं भाग्य लाभलेले परजीवी विरळाच.