पैसे मोजून घेतलेली गाणी वाजेनात, दोष पेटंटचा की कुलपाचा?

वडगावचा_भजनी
नमस्कार मंडळी. मी बेळगावात वडगावला असतो. बाबांना नाट्यसंगीत आणि अभंगांचा लई नाद, म्हणून २०१० च्या सुमाराला एका ऑनलाइन दुकानातून शंभरएक गाणी घेतलेली, रीतसर पैसे भरून. ते दुकान केव्हाच बंद पडलं. फाईली सगळ्या डब्ल्यूएमए, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या फॉरमॅटातल्या, आणि लॅपटॉप फॉरमॅट केल्यापासून गाणं उघडलं की लायसन्स मागतंय, आता दुकानच नाही तर लायसन्स देणार कोण? दुसरीकडून घेतलेली एम४ए लॅपटॉपवर वाजतात पण गाडीतला डेक ती वाचतच नाही. बाबा म्हणतात, कॅसेट बरी होती की, घरात होती तोवर आपली होती. मला काय उत्तर द्यायचं कळेना.
दुसरं म्हणजे आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग झालंय, आषाढीच्या आत नेटवर विकायला ठेवावं म्हणालोय. एकजण म्हणाला एमपी३ मध्ये विकलं तर पेटंटवाल्यांना पैसे भरावे लागतात. खरं काय? आमच्याकडून घेणाऱ्याची माझ्यासारखी गत व्हायला नको एवढंच.

टिळकवाडी_लिनक्स
भाऊ, तुझ्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी गुंतल्यात. पेटंट म्हणजे गाणं दाबून लहान करायच्या पद्धतीवरचा हक्क, तो फॉरमॅटचा. कुलूप म्हणजे डीआरएम, ते दुकानदार वरून घालतो. तुझी डब्ल्यूएमए कुलपामुळं अडलीत, त्यांची किल्ली फाईलमध्ये नसतेच, ती दुकानाच्या सर्व्हरवरून यायची.
एमपी३ चं म्हणशील तर त्या मित्राचं एकेकाळी खरं होतं. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेकडं आणि थॉमसन कंपनीकडं ती पेटंटं होती, सॉफ्टवेअरमधल्या एकेका डीकोडरमागं, म्हणजे फाईल उलगडून वाजवणाऱ्या भागामागं, ७५ सेंट घ्यायचे, आणि वर्षाला १ लाख डॉलरच्या वर धंदा असलेल्या गाणी विकणाऱ्यांकडूनसुद्धा २ टक्के मागायचे. एप्रिल २०१७ ला ते लायसन्सिंग बंद झालं. आता एमपी३ बिनधास्त वापर, कुणाला एक पैसा द्यायचा नाही.
एम४ए मध्ये बहुतेक करून एएसी असतं, तो वेगळा फॉरमॅट, तुझ्या डेकला तो येत नाही एवढंच. पण फाईलीच्या नावाचा शेवट एम४पी असेल तर ते ॲपलचं जुनं कुलूपवालं. २००३ ला आयट्यून्स दुकान निघालं तेव्हा सगळं तसंच विकायचे, २००७ ला ईएमआय कंपनीची गाणी बिनकुलपाची आली आणि २००९ मध्ये बाकीची पण. म्हणजे गिऱ्हाईक कुरकुरलं की कुलपं निघतात, हे मी मुद्दाम सांगतोय.

खानापूरचा_मास्तर
पेटंटनं नुसता कंपन्यांना त्रास व्हायचा असं कुणी समजू नका. आमच्या मराठी शाळेत जुने कॉम्प्युटर आलेले, पैसे नव्हते म्हणून विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स टाकलं. पोरांना कविता चालीवर ऐकवायच्या म्हणून पेन ड्राइव्हमध्ये एमपी३ आणले तर वाजेनात. वेगळं पॅकेज उतरवून घ्या म्हणालं, आणि शाळेत तेव्हा नेट कुठलं. शेवटी सीडी बेळगावातून करून आणली. कारण नंतर कळलं. जे सॉफ्टवेअर फुकट वाटायचं, कुणी किती कॉप्या केल्या याचा हिशोबच नाही, त्यानं कॉपीमागं ७५ सेंट भरायचे कसे? म्हणून फेडोरासारख्या लिनक्सवाल्यांनी एमपी३ काढूनच टाकलेलं, ते २०१६-१७ ला परत आलं. मधली कितीतरी वर्षं आमच्यासारख्या शाळांची गेली हो, त्याचं मला अजून वाईट वाटतं.
१९९८ ला फ्राउनहोफरनं पैसे मागायला सुरुवात केली म्हणूनच ऑग व्हॉर्बिस या खुल्या फॉरमॅटचं काम जोरात लागलं, २००२ ला ते पक्कं झालं, कुणाचीही परवानगी नको.

निपाणीची_ताई
मास्तर, पटतंय, पण मंडळाचे अभंग ऐकणार कोण? आमच्याकडं आजीच्या हातात पेन ड्राइव्हवाला स्पीकर असतोय, त्याला ऑग दिलं तर गप्प बसतंय. तत्त्व चांगलं आहे म्हणून तिला गाणं ऐकू येईल काय? एमपी३ द्याच.

टिळकवाडी_लिनक्स
ताईंचं बरोबर. भाऊ, मूळ रेकॉर्डिंग वेव्हमध्ये, म्हणजे न दाबलेलं, असेल ते फ्लॅक फॉरमॅटमध्ये ठेव, साधारण निम्म्या जागेत बसतं आणि आवाजातला कणसुद्धा जात नाही. विकताना फ्लॅक आणि एमपी३ दोन्ही दे. बँडकॅम्प या गाणी विकायच्या साइटवर घेणारा स्वतः फॉरमॅट निवडतो, हवं तर परत येऊन दुसरा उतरवतो. मला दुकान तसंच पाहिजे. एमपी३ वरून परत एएसी, एएसीवरून परत एमपी३ असं मात्र करू नको, दर फेरीला तबल्याची आणि टाळाची धार जाते. बाबांच्या एम४ए साठी दुसरा इलाज नाही, एकदाच एमपी३ करून घे आणि मूळ फाईली जपून ठेव.

निपाणीची_ताई
डब्ल्यूएमए चं कुलूप तोडायला कुणी सांगेल तर जरा जपून. २०१२ च्या दुरुस्तीत कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलंय, हक्क मोडायच्या हेतूनं कुलूप तोडलं तर गुन्हा आहे. स्वतःसाठी घेतलेलं गाणं स्वतः ऐकणं त्यात बसू नये असं मला वाटतं, पण वकिलाला विचारूनच करा.

वडगावचा_भजनी
सगळ्यांचे आभार. मंडळात आज बोललो, फ्लॅक आणि एमपी३ दोन्ही द्यायचं ठरलं, कुलूप कुठलंच नाही, कुणी शेजाऱ्याला दिलं तरी चालेल म्हणाले बुवा. बाबांना डब्ल्यूएमए चं सांगितलं, काही बोलले नाहीत, त्यातले पाचसहा अभंग त्यांच्या फार आवडीचे होते. ते दुसरीकडून परत विकत घेणार आहे.
एक राहिलं, गाण्यांची नावं देवनागरीत ठेवू काय? डेकवर नुसते चौकोन दिसालेत.

टिळकवाडी_लिनक्स
टॅग, म्हणजे फाईलीच्या आत लिहिलेलं गाण्याचं नाव, देवनागरीतच ठेव, फ्लॅकला ते नीट जमतं. फाईलीचं नाव तेवढं रोमन लिपीत दे आणि पुढं ०१, ०२ आकडे घाल, म्हणजे जुना डेक क्रमानं वाजवील.