घरी टॉर्च बनवायची स्पर्धा: नियम सगळ्यांना सारखे पडतील असे कसे ठेवायचे?

कंदीलवाला:
मंडळी, आमचा टॉर्चवेड्यांचा छोटा ग्रुप आहे, बहुतेक पुणे आणि कोल्हापूरकडचे. दिवाळी झाली की घरी टॉर्च बनवायची स्पर्धा ठेवायचं चाललंय, संक्रांतीपर्यंत मुदत. बक्षीस फार मोठं नाही, वर्गणी काढून एक बरं सोल्डरिंग स्टेशन देणार. मी नियमांचा कच्चा खर्डा टाकला आणि दुसऱ्या दिवशीच ग्रुपवर महाभारत.

खर्डा असा होता की तयार टॉर्चची बॉडी वापरायची नाही, खर्च 2000 रुपयांच्या आत, शेवटी ग्रुपमध्ये मतदान. एकजण म्हणतो ज्याच्याकडे लेथ आहे तोच जिंकणार, मग आम्ही पीव्हीसी पाइप घेऊन कशाला यायचं. दुसरा म्हणतो भंगारातला हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) फुकट धरायचा की त्याचे पैसे लावायचे. तिसऱ्याला फक्त लुमेन पाहिजेत, ज्याचा उजेड जास्त तो पहिला, बाकी काही बघायचंच नाही. आणि मतदान म्हणजे ज्याचे मित्र जास्त त्याचा नंबर, हेही बोलून झालंय. सगळ्यालाच "चालेल" म्हटलं तर स्पर्धा कसली? तुम्ही असता तर काय ठेवलं असतं, काय काढलं असतं?

उद्यमनगरी:
माझा धंदाच लेथचा, त्यामुळे माझं मत एकतर्फी वाटेल, तरी सांगतो. लेथ असली म्हणून टॉर्च चांगला होत नाही. एचई-30 ॲल्युमिनियमचा भरीव रॉड लावला की गुळगुळीत बॉडी निघते, पण एलईडीची उष्णता बॉडीपर्यंत पोचायला वाटच ठेवली नसेल तर ती नुसती शोकेसात ठेवायची. तरी फोटोवर मतदान असेल तर पीव्हीसीवाला तिथेच मेला, हे खरंय.

म्हणून दोन गट करा. हाताच्या गटात हॅक्सॉ, कानस, हातात धरायचं ड्रिल, सोल्डरिंग आयर्न, बस. लेथ, मिलिंग, सीएनसी, थ्रीडी प्रिंटर हे सगळं मशीनच्या गटात. आता ड्रिल व्हाइसमध्ये आवळून त्यात रॉड फिरवून त्यावर कानस धरणारे महाभाग असतात, ते कुठल्या गटात हे आधीच लिहून टाका नाहीतर शेवटच्या दिवशी त्यावरच जुंपेल. मी म्हणेन हाताच्याच गटात, एवढा उपद्व्याप करणाऱ्याला तेवढी सूट पाहिजे.

जॉब, म्हणजे टॉर्चचा भाग, बाहेरून करून आणणं मात्र दोन्हीकडे बंद. पकडायचं कसं तर प्रत्येक टप्प्याचा फोटो, शेजारी हाताने लिहिलेली नाव-तारखेची चिठ्ठी, आणि अर्धवट कापलेले, वाया गेलेले तुकडेसुद्धा दाखवायचे. बाहेरून आणलेल्या जॉबला वाया गेलेले तुकडे नसतात.

थ्रीडी प्रिंटवाल्यांना एक सांगून ठेवा, प्रिंटरचं पीएलए प्लास्टिक साठेक डिग्रीला मऊ पडायला लागतं. आत ॲल्युमिनियम नसेल तर एलईडी तापला की पुढचं डोकं मान टाकतं.

लक्समोजे:
फक्त लुमेन ठेवलात तर स्पर्धा बोंबलली समजा. फुल चार्ज सेल, करंट आवरणारं सर्किट म्हणजे ड्रायव्हरच नाही, एलईडीला थेट जोडणी, पहिले दहा सेकंद डोळे दिपतात आणि मग सगळं तापून उजेड उतरायला लागतो. म्हणूनच एफएल-1 नावाचं जे टॉर्चचं स्टँडर्ड आहे त्यात उजेड चालू केल्याकेल्या मोजत नाहीत, 30 सेकंदांनंतर आणि 2 मिनिटांच्या आत मोजतात. तेवढं तरी घ्याच.

पण त्यातला वेळेचा नियम जसाच्या तसा घेऊ नका. तिथे उजेड सुरुवातीच्या 10 टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ धरतात. म्हणजे 1000 लुमेनने सुरू झालेला टॉर्च तीन मिनिटांत 120 वर येऊन तासन् तास मिणमिणला तरी खोक्यावर 1000 लुमेनही छापता येतात आणि ते सगळे तासही. आपल्या स्पर्धेत हीच पळवाट कोणीतरी पहिल्या आठवड्यात शोधेल. आपण 50 टक्के धरू.

लांब फेक मोजायला मोठी मशिनरी लागत नाही. 5 मीटरवर लक्समीटर धरा, येईल त्याला 25 ने गुणा, झाली कॅन्डेला, म्हणजे झोताची तीव्रता. त्याचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की मीटरमध्ये अंतर मिळतं, तिथे 0.25 लक्स उरतो, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. 400 लक्स आला तर 10,000 कॅन्डेला, म्हणजे 200 मीटर. फक्त मीटर सगळ्यांना एकच पाहिजे, मोबाइलवरची ॲपं प्रत्येक फोनमध्ये वेगळं सांगतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सेल सगळ्यांना एकच. एक 18650 लिथियम सेल (18 मिमी जाड, 65 मिमी लांब), प्रोटेक्टेड म्हणजे आत संरक्षक सर्किट असलेला आणि बटन टॉप म्हणजे वर उंचवटा असलेला, माझ्याकडे राहील, सगळ्यांची मोजणी त्याच्यावरच. टॉर्च रिकामा पाठवा, त्यामुळे सुटे लिथियम सेल कुरियरने पाठवायची कटकटही जाते. नावात 65 मिमी असलं तरी प्रोटेक्टेड सेल 69-70 पर्यंत जातो हे बॉडी कापायच्या आधी सगळ्यांना सांगा. थेट जोडणीवाल्यांनी फार करंट ओढला तर सेलमधलं सर्किटच ट्रिप होईल, आपल्याला वेगळा नियम नको.

रानातला:
मला ते कॅन्डेला वगैरे कळत नाही पण एक विचारतो, ही बॅटरी बनवून करायचं काय हे कुणीच बोलंना. आमच्याकडं शेतीची लाइट आठवड्यात कधी दिवसाची कधी रात्रीची, रात्रीची असली की मोटर चालू करायला आणि दारं धरायला रात्रभर पाण्यात. तिथं 200 मीटर लांबचं बघून मी काय करू, मला पायापुढचं दिसलं पाहिजे, बांधावर काय पडलंय ते दोरी हाय का दुसरं काय ते कळलं पाहिजे. पाटात पडली तर बंद पडायला नको, चिखलाच्या हातानं बटण दाबता आलं पाहिजे आणि पहाटेपर्यंत चालली पाहिजे. असं एक काम ठरवून द्या की राव, मग ज्याची बॅटरी ते काम नीट करंल तो जिंकला. लेथवर करा नाहीतर पायपात करा.

सोल्डरसई:
रानातला यांच्याशी शंभर टक्के सहमत, अर्धी भांडणं इथेच मिटतील.

खर्चाबद्दल. हत्यारं मोजू नका, पण आत बसणारा प्रत्येक भाग आजच्या इथल्या दुकानाच्या भावाने मोजा, कोणी भेट दिला असला तरी. अलीएक्सप्रेस इथे 2020 मध्येच बंद झालं, त्यामुळे ज्याचा मावसभाऊ अमेरिकेत त्याच्याकडे निचिया या जपानी कंपनीचे एलईडी आणि बाकीच्यांकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळेल ते, असं होतं. बाहेरून मागवायला बंदी नको पण कुरियर धरून पूर्ण किंमत लावा, 2000 मध्ये बसतं का बघू. भंगार मात्र फुकटच धरा, यावर मी ऐकणार नाही. जुन्या बाजारात फिरून नेमका मापाचा हीटसिंक हुडकणं हे कौशल्य आहे, पैशाने येत नाही.

सेफ्टी: सेलला थेट सोल्डर लावायचा नाही, आणि सेल उलटा घातला तर टॉर्च नुसता बंद राहिला पाहिजे, धूर नको. लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधले सेल घरी ट्रायललासुद्धा नको, ग्रुपमध्ये शाळकरी मुलं आहेत ना? त्यांना वेगळा गट, तीन एए रिचार्जेबल वर. लेझरवाले टॉर्च सरसकट बाद.

मतदान काढू नका, कमी करा. मोजणीला 60, मतांना 40. मत देणाऱ्याने पहिले तीन निवडायचे, स्वतःचा सोडून, आणि स्पर्धा जाहीर व्हायच्या आधीपासून ग्रुपमध्ये असलेल्यांनीच. आयोजक आणि मोजणारे भाग घेणार नाहीत हे वेगळं सांगायला नको.

कंदीलवाला:
मला भाग घ्यायचा होता हो, पण ठीक आहे. रानातला दादांचं काम पक्कं करतो: 100 लुमेन, आठ तास, बादलीत अर्धा तास बुडवून परत चालू. जमेल का एका सेलवर?

लक्समोजे:
3000 एमएएचचा सेल म्हणजे 10.8 वॉट-तास. आठ तास चालवायचं तर वॉटला 75 लुमेन बाहेर पडले पाहिजेत, लेन्स आणि ड्रायव्हर जे खातील ते सोडून. नवे एलईडी कमी करंटवर आरामात 100 च्या वर देतात, त्यामुळे जमेल, पण घासून. ड्रायव्हर म्हणून साध्या 7135 च्या चिपा लावणारे हरतील कारण त्या जास्तीचं व्होल्टेज नुसतं तापून घालवतात, बक ड्रायव्हर (ते न जाळता व्होल्टेज उतरवणारा) नीट केला तर निघेल. मला तर हे आवडलं, पैसेवाल्यापेक्षा डोकं लावणारा पुढे जाईल. हाताच्या गटाला सहा तास ठेवा.

उद्यमनगरी:
हाताच्या गटाला का सूट? ड्रायव्हर काय लेथवर करतात का?

लक्समोजे:
बरोबर आहे. दोघांना आठ.

कंदीलवाला:
ठरलं, दोघांना आठ. बादलीच्या टेस्टला स्विचवर रबर बूट, म्हणजे रबरी टोपी, बाहेरचा चालेल, तेवढं तयार घेऊ द्या. उद्या ग्रुपवर टाकतो. लक्समोजे, त्या सेलची लांबी आणि जाडी व्हर्नियरने मोजून आजच इथे लिहा, दोघेतिघे पाइप कापायला बसलेत.