कूर्चा नुसती झिजत नाही
एकांनी लिहिलंय की वय झालं की गुडघ्याची गादी, म्हणजे हाडांच्या टोकांवरची कूर्चा, झिजणारच, त्यासाठी पेशींवर संशोधन कशाला? थोडी भर घालतो.

कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत. पेशी एकाच प्रकारच्या, कॉन्ड्रोसाइट, त्याही विरळ. पण त्या गप्प बसत नाहीत. कूर्चेतल्या फायब्रोनेक्टिन या प्रथिनाचे तुकडे पडले की ते पेशीवरच्या इंटेग्रिन या निरोप घेणाऱ्या प्रथिनाला चिकटतात. आत किनेझ या निरोप पुढे नेणाऱ्या विकरांची (एन्झाइमांची) साखळी सुरू होते आणि पेशी एमएमपी-१३ बनवू लागते. हे विकर कूर्चेला बळकटी देणारं कोलॅजन हे प्रथिन तोडतं. म्हणजे मोडतोड झाल्याचा निरोप मिळाला की पेशी स्वतःच आणखी मोडतोड करते! २००५ मध्ये दोन गटांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत दाखवलं की अ‍ॅडॅमटीएस-५ या कूर्चा तोडणाऱ्या विकराचं जनुक निकामी केलेल्या उंदरांची कूर्चा बरीच वाचते. सगळी झीज यांत्रिकच असती तर एका जनुकाने एवढा फरक पडला असता का?

औषधाचं घोडं मात्र अडलंय. स्प्रिफर्मिन हे एफजीएफ-१८ या वाढघटकापासून बनवलेलं इंजेक्शन. २०१९ मध्ये 'जामा' या वैद्यकीय पत्रिकेत आलेल्या चाचणीत मोठ्या मात्रेने दोन वर्षांत कूर्चा प्लासिबोच्या (औषध नसलेल्या इंजेक्शनच्या) तुलनेत सुमारे ०.०५ मिमी जाड राहिली, पण दुखण्यात प्लासिबोपेक्षा लक्षणीय फरक नाही. माझ्या मते यात फार नवल नाही, कारण दुखतं ते मुख्यतः खालचं हाड आणि सांध्याचं अस्तर. तेव्हा 'गादी परत वाढवून देतो' म्हणणाऱ्याला आधी वेदनेचे आकडे मागा.