‘ऑर्गनायझर’ला मराठीत काय म्हणाल? (तळागाळ सोडून)

चिंचोका: अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या नागरी हक्क चळवळीवरचा लेख मराठीत आणतेय आणि ‘ग्रासरूट्स ऑर्गनायझिंग’वर गाडी अडलीय. सगळे सांगतात ‘तळागाळातलं संघटन’ लिही. मला तळागाळ म्हटलं की विहिरीचा उपसाच दिसतो, तळ आणि गाळ, म्हणजे बोलणारा काठावर आणि बाकीचे खाली चिखलात. मूळ शब्दात गवताची मुळं आहेत हो, जिवंत! आणि ऑर्गनायझर? आयोजक रांगोळी स्पर्धेचा असतो, संघटक हे पक्षातलं पद झालंय (फ्लेक्सवर फोटोसकट), आणि कार्यकर्ता म्हटलं की लोक आधी विचारतात, कुणाचा?

लेखातलंच उदाहरण देते. साउथ कॅरोलायनातलं जॉन्स आयलंड, जानेवारी १९५७, पुढे किराणा दुकान आणि मागच्या खोलीत मोठ्या माणसांचा वर्ग, कारण मतदार म्हणून नाव लावायचं तर राज्याच्या घटनेतला उतारा वाचून दाखवावा लागायचा. शिकवायला बर्निस रॉबिन्सन, पार्लरवाली, शिक्षिका मुद्दामच घेतली नव्हती. तिनं आधी विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? सही करायची, बायबल वाचायचं, मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा. मग तिथूनच सुरुवात. आता हिला मी ‘आयोजक’ म्हणू?

पाटपाणी: कार्यकर्ताच ठेवा ताई. शब्द पक्षांनी नासवला म्हणून आपण का टाकायचा, सेवादलातली जुनी माणसं अजून तोच वापरतात आणि त्यात कमीपणा नसतो.

अर्धविराम: पण कार्यकर्ता स्वतः कार्य करतो. हे लोक दुसऱ्यांना उभं करत होते, फरक आहे. त्याच चळवळीतले, मिसिसिपीत काम करणारे बॉब मोझेस मोबिलायझिंग वेगळं आणि ऑर्गनायझिंग वेगळं मानायचे. मोर्चाला माणसं आणणं ही जमवाजमव, ती दोन दिवसांत होते. मिसिसिपीत १९६१ पासून जे चाललं ते म्हणजे लोकांच्या ओसरीवर जाऊन बसायचं, ऐकायचं, उद्या परत यायचं. आपल्याकडे त्याला ‘बांधणी’ म्हणतात की! मिसिसिपीतल्याच एका मळ्यावर राबणाऱ्या फॅनी लू हेमर बघा, ३१ ऑगस्ट १९६२ ला सतरा जणांबरोबर बसनं इंडियानोला गावी मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या, त्याच संध्याकाळी मळेवाल्यानं सांगितलं अर्ज मागे घे नाहीतर चालती हो. अठरा वर्षं राबल्या होत्या तिथं. निघाल्या, आणि पुढे स्वतःच गावोगाव बांधणी करत फिरल्या. कोण कुणाला ऑर्गनाइज करतंय हे सांगताच येत नाही मग.

पाटपाणी: हे पटलं. बाबासाहेबांचं १९४२ चं नागपूरचं इंग्रजी भाषण आहे ना, त्यात एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइज असा क्रम आहे. मराठीत रूढ झालं ते ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’. क्रमावर लोक भांडतात, पण मला ते ‘व्हा’ आवडतं. ‘करा’ नाही, ‘व्हा’.

चिंचोका: वा! म्हणजे ‘वस्तीवस्तीतली बांधणी’ आणि माणसाला ‘बांधणी करणारी’. लांबतंय, पण चालेल. संपादक परत तळागाळ घालतीलच, तेव्हा भांडेन.

आता पुढच्याच ओळीत ‘कॅनव्हासिंग’ आहे. ‘दारोदार फिरणं’ लिहिलं तर भीक मागितल्यासारखं वाटतंय, आणि ‘प्रचार’ तर नक्कीच नव्हे.

अर्धविराम: ‘घरोघर जाणं’ लिहा. घर म्हटलं की आत बोलावतात, दार म्हटलं की बाहेरच उभं.