सोडून जाते म्हटलं की खरंच भाव उतरतो का? (यूकेतला मोबाईल काँट्रॅक्ट)

कृष्णाकाठची (रेडिंग), रविवार १९ जानेवारी २०२५

यूकेतल्या मंडळींसाठी प्रश्न आहे. बाकीच्यांनीही वाचा, निदान हसायला येईल.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मी फोनसकट चोवीस महिन्यांचा काँट्रॅक्ट घेतला. महिना ३६ पौंड, १०० जीबी डेटा. दर एप्रिलला डिसेंबरचा महागाई दर अधिक ३.९ टक्के एवढी वाढ होणार, हे बारीक अक्षरात लिहिलं होतं. कोण वाचतं! मग २०२३ च्या एप्रिलात एकदम १४.४ टक्के वाढले आणि २०२४ च्या एप्रिलात ७.९. छत्तीसचे एक्केचाळीस झाले, एक्केचाळीसचे चव्वेचाळीस आणि वर काही पेन्स.

परवा बँकेचं स्टेटमेंट बघताना डोक्यात प्रकाश पडला की चोवीस महिने ऑक्टोबरातच संपले. म्हणजे फोन फिटून तीन महिने झाले तरी मी त्याचा हप्ता इमानेइतबारे भरतेय. मुदत संपत आल्याचा मेसेज कंपनीने पाठवला होता. शोधल्यावर सापडला, 'तुमचं पार्सल अडकलंय' छापाच्या दोन फसव्या मेसेजांच्या मधोमध.

ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, फोन कर आणि नुसतं म्हण की मी सोडून जायचा विचार करतेय, भाव अर्ध्यावर येतो. काल केला. पंचवीस मिनिटं होल्डवरची पेटी वाजत होती, मग एक गोड मुलगी आली, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते 'सॉरी टू बॉदर यू'. धमकी द्यायला फोन केला आणि सुरुवात माफी मागून! तिने ३८ पौंडांत अनलिमिटेड डेटा देऊ केला, पुन्हा चोवीस महिने. मी हो म्हणणारच होते, पण मुलगा समोरून दोन्ही हात हलवून नको नको करत होता. 'विचार करून सांगते' म्हटलं, तिचे आभार मानले आणि फोन ठेवला.

सांगलीच्या मंडईत पाच रुपयांसाठी वाद घालणारी बाई मी, इथे इंग्रजीत एवढी मऊ का पडते कोण जाणे. तर, काय बोलायचं? आणि नंबर अजिबात घालवायचा नाही. जीपी (म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर), शाळा, काउन्सिल सगळीकडे तोच दिलेला आहे.

हाउन्स्लोचा बाळू

आधी एक सांगा, महिन्याला डेटा किती जळतो? फोनच्या सेटिंगमध्ये बघा. आणि फोन चांगला चालतोय ना? चालत असेल तर नवा काँट्रॅक्ट कशाला, नुसतं सिम घ्या.

कृष्णाकाठची

डिसेंबरात ५.८ जीबी. घरी वायफाय, ऑफिसात वायफाय. शंभरातले सहासुद्धा नाहीत. फोन ठणठणीत आहे, काचेला एक चरा आहे तेवढाच.

रात्रपाळी (पुणे)

ताई, मी तुमच्या फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलेलो माणूस आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

२००९ ते २०१२ मी कल्याणीनगरला यूकेच्या एका मोबाईल कंपनीच्या कॉल सेंटरात होतो. संध्याकाळी साडेपाच ते रात्री अडीच. पहिले सहा महिने साधी बिलं, मग 'रिटेन्शन', म्हणजे सोडून जाणाऱ्याला थोपवायचं. माझं नाव तिकडे सॅम. त्या काळी नंबर घेऊन दुसरीकडे जायचं तर पॅक (पी-ए-सी) कोड लागायचा (आजही लागतो) आणि तो मागायला आम्हालाच फोन करावा लागायचा. दार एक, आणि दारात सॅम.

तुम्ही बोलत असता तेव्हा एजंटसमोर तुमचं बिल, मुदत कधी संपली ती तारीख आणि डेटाचा वापर सगळं उघडं असतं. तुम्ही सहा जीबीसुद्धा वापरत नाही हे त्या मुलीला दिसत होतं. तरी तिने अनलिमिटेड दिलं, कारण डेटा वाढवून द्यायला कंपनीला फारसं काही पडत नाही, आणि गिऱ्हाईक पुन्हा दोन वर्षं बांधलं गेलं की तिच्या खात्यात एक 'सेव्ह' जमा. आम्हाला तुमच्या पौंडांपेक्षा तुमचे महिने हवे असायचे. म्हणून भाव ऐकलात की लगेच विचारा, किती महिन्यांसाठी?

आमच्याकडे ऑफर पायरीपायरीने उघडायच्या. नुसतं 'विचार करतोय' म्हणणाऱ्याला पहिली पायरी. दुसऱ्या कंपनीचा भाव आकड्यासकट सांगणाऱ्याला दुसरी. तिसरी पायरी 'पॅक द्या' हे शब्द आल्याशिवाय मला स्क्रीनवर दिसायचीच नाही. त्यामुळे काल तुम्हाला मिळाली ती पहिली पायरी. तिच्यावर रागावू नका, तिच्या हातात तेवढंच असणार.

सोडण्याचं कारण विचारतात तेव्हा फक्त भाव सांगा. 'रेंज येत नाही' म्हटलं की आम्ही तांत्रिक विभागाकडे ढकलायचो, तिथे अर्धा तास फोन बंद-चालू करण्यात जायचा.

भाव ऐकल्यावर गप्प बसा. आपल्या माणसांना शांतता सोसत नाही, लगेच 'अच्छा, अच्छा' सुरू होतं. पुढचा आकडा मी नेहमी त्या शांततेत सांगायचो, कारण गप्प बसलेल्या गोऱ्या म्हाताऱ्याची मलाच भीती वाटायची. आरडाओरडा करणाऱ्याची नाही वाटायची. त्याला आम्ही होल्डवर टाकून चहा प्यायचो.

एक मात्र जपा. 'कॅन्सल' हा शब्द तोंडातून काढू नका. मी नवा असताना एक बाई चिडून म्हणाल्या, 'जस्ट कॅन्सल इट'. मी आज्ञाधारक मुलगा, केलं. त्यांना फक्त भाव पाडून हवा होता. नंबर गेला. आठवड्याने त्यांचा फोन आला तो माझ्याच टीममधल्या पोरीकडे, आणि त्या रडत होत्या, नवऱ्याच्या आवाजातला व्हॉइसमेल त्या नंबरावर होता. ते मी विसरलेलो नाही.

आता तुमच्याकडे नियम बदललेत म्हणे. इथून पुढे यूकेवाल्यांनी सांगावं.

हाउन्स्लोचा बाळू

बदललेत ना. १ जुलै २०१९ पासून फोन करायची गरजच नाही. PAC ही तीन अक्षरं, आपलं, पी-ए-सी, रोमनमध्ये टाइप करून ६५०७५ ला मेसेज करा, फुकट आहे. मिनिटभरात कोड येतो, आणि लवकर सोडल्याचा दंड किंवा फोनची बाकी किती, तेही त्यातच येतं. कोड ३० दिवस चालतो. वापरला नाही तर आपोआप मरतो, तुमचं सिम चालूच राहतं. म्हणजे मागून ठेवण्यात काही जात नाही. नंबर नको असलेल्यांनी एस-टी-ए-सी लिहून ७५०७५ ला पाठवायचं, पण ते तुमच्यासाठी नाही.

गंमत अशी की कोड मागितला की बऱ्याचदा कंपनीचाच फोन येतो. पंचवीस मिनिटं पेटी ऐकायची पाळी त्यांची.

कोड नव्या कंपनीला द्यायचा, जुनीला काही कळवायचं नाही. पुढच्या कामाच्या दिवशी नंबर सरकतो आणि जुना काँट्रॅक्ट त्याच क्षणी बंद. नंबर सरकल्यानंतरचे नोटिशीचे पैसे घेणंही ऑफकॉमने (इथली टेलिकॉम नियामक संस्था) तेव्हाच बंद केलं.

रेंजची काळजी असेल तर स्वस्तातल्या कंपन्या मोठ्यांच्याच टॉवरवर चालतात हे लक्षात ठेवा. गिफगॅफ आणि टेस्को मोबाईल ओटूवर, व्हॉक्सी आणि लेबारा व्होडाफोनवर, स्मार्टी आणि आयडी मोबाईल 'थ्री'वर. घरी आत्ता ज्याची रेंज येते त्याच टॉवरवरची बघा. महिन्या-महिन्याच्या सिममध्ये सात-आठ पौंडांत तुमच्या गरजेच्या तिप्पट डेटा मिळेल. फोन २०२२ चा आहे म्हणजे लॉकचीही (एकाच कंपनीचं सिम चालण्याची) भानगड नसावी, डिसेंबर २०२१ पासून इथे लॉक केलेले फोन विकता येत नाहीत.

आणि जुन्यांकडेच थांबायचं ठरलं तर एप्रिलात किती पौंड किती पेन्स वाढणार ते विचारा. परवाच्या १७ जानेवारीपासून नव्या काँट्रॅक्टमध्ये वाढ महागाई दरावर सोडता येत नाही, आकडा आधीच सांगावा लागतो.

घोडबंदर रोड

धागा छान चाललाय. आमच्याकडे भारतात काँट्रॅक्ट बहुतेकांना नसतोच, प्रीपेड. पण खेळ तोच. १९०० ला पोर्ट आणि नंबर पाठवला की कोड येतो, चार दिवसच चालतो (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्य भारतात ३०). आणि त्या चार दिवसांत 'सर, आपल्यासाठी खास' सुरू. जुलै २०२४ ला सगळ्या खासगी कंपन्यांनी एकदम भाव वाढवले तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज कोणीतरी बीएसएनएलला निघालेला असायचा. त्यातले किती परत आले ते विचारू नका.

कृष्णाकाठची, शनिवार २५ जानेवारी

मंडळी, निकाल सांगते. रात्रपाळीदादा, त्या बाईंचं वाचून मला दोन दिवस 'कॅन्सल' शब्दाची धास्ती बसली होती.

सोमवारी बाळूंनी सांगितल्याप्रमाणे आत्ताच्याच टॉवरवरचं एक स्वस्त सिम मागवलं, बुधवारी पोस्टाने आलं. फोनमध्ये दुसऱ्या सिमची जागा आहे, तिथे एरवी भारतातलं सिम असतं, बँकेच्या ओटीपीपुरतं. ते काढून हे घातलं आणि स्वयंपाकघरात सिंकपाशी उभी राहून बघितलं. आमच्या घरात रेंज मरते ती नेमकी तिथे. दोन दांड्या, पहिल्या सिमला होत्या तेवढ्याच. मग गुरुवारी पॅडिंग्टनच्या गाडीत स्लाऊपर्यंत बघत गेले.

संध्याकाळी स्टेशनवरूनच ६५०७५ ला मेसेज केला. फोन खिशात टाकायच्या आत उत्तर. कोड, खाली दंड शून्य, फोनची बाकी शून्य. तीन महिने ज्या फोनचे पैसे भरले त्याची बाकी शून्य, हे त्यांच्याच मेसेजात वाचताना फार राग आला. त्या रागानेच बहुधा इंग्रजी सुधारलं.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन आला. या वेळी मुलगा होता. मी कागदावर मोठ्या अक्षरात दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या: 'सॉरी म्हणायचं नाही' आणि '८ पौंड, ३० जीबी, महिन्याचं'. कारण विचारलं, भाव म्हटलं. २४ पौंड म्हणाला. मी गप्प. समोर डब्यातली पोळी-भाजी, चावायचा आवाज जाईल म्हणून तेही थांबवलं. मग १९. किती महिने? चोवीस. मी कागदावरची दुसरी ओळ वाचली. 'वन मोमेंट', पेटी, आणि परत येऊन १२ पौंड, बारा महिने, ५० जीबी.

४४ चे १२! त्याच कंपनीने, त्याच फोनला, त्याच टॉवरवर. शनिवारी ३८ होते, मध्ये फक्त एक मेसेज गेला.

खरं सांगते, मोह झाला. चार पौंडांसाठी कुठे बदलाबदल करा. पण एप्रिलात किती वाढणार विचारलं तेव्हा तो अडखळला, 'लेट मी जस्ट चेक' म्हणाला, आणि मला २०२२ मधली ती बारीक अक्षरं आठवली. नको म्हटलं. थँक यू म्हटलं, तेवढं राहवलं नाही. ऑफिसातली मैत्रीण शेजारून टाळ्या वाजवत होती, ते त्याला ऐकू गेलं असणार.

तिथेच बसून कोड नव्या कंपनीच्या साइटवर टाकला. मध्ये शनिवार-रविवार आल्यामुळे नंबर सोमवारी सरकणार आहे. तोवर दोन्ही सिमं चालू. सरकला की लिहिते.

रात्रपाळी (पुणे)

बारावर तो पोहोचला म्हणजे तिसरी पायरी उघडली होती. पोळी चावायची थांबवलीत हे ट्रेनिंगला सांगण्यासारखं आहे.

कृष्णाकाठची, सोमवार २७ जानेवारी

सरकला. सकाळी साडेदहाला जुनं सिम मेलं, साडेअकराला नव्यावर माझा नंबर. मधला तासभर फोन येत नव्हते, नेमका तेव्हा शाळेने केला, मुलगा पीईचे (खेळाच्या तासाचे) बूट विसरला होता. मग व्हॉट्सॲपपासून जीपीच्या मेसेजपर्यंत सगळं तपासलं, ठीक आहे.

आता नवऱ्याचा काँट्रॅक्ट मार्चात संपतोय. फोन मी करायचा, हे त्याने परस्पर ठरवून टाकलंय.